बिनकिमतीचा बोका

बैल आजारी पडला तर त्याच्या औषधपाण्याचा हिशेब मांडता येतो. बोक्याचा येत नाही. अर्धं आयुष्य खटाव तालुक्यात आणि अर्धं लालबागच्या चाळीत काढल्यावर माझ्या हाती लागलेलं हे एवढंच अर्थशास्त्र. ते कुठल्या परीक्षेला उपयोगी पडत नाही, पण महिनाअखेरीला पडतं.

माझ्या माहेरी खिलार बैलांची जोडी असायची. आमच्या आण्णांना घरातल्या कुणाचा वाढदिवस ठाऊक नव्हता, पण दावणीच्या प्रत्येक जनावराचा त्या दिवशीचा भाव ठाऊक असे. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार भरतो. तिथे विकायचं काही नसलं तरी आण्णा जाऊन यायचे, शेअरवाले सकाळी पेपर उघडतात तसे. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात आणि वर चेहरे असे ठेवतात की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. सौदा फिसकटला तरी चारचौघांत कुणाची अब्रू जात नाही. लहानपणी मला ती गंमत वाटायची. पुढे मुंबईत जनावरांच्या डॉक्टरसमोर बसले, तेव्हा त्या रुमालाची खरी किंमत कळली. पण ते नंतर.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जनावर न्यायचं म्हणजे आधी घरात रिकामी बाटली शोधायची. औषध मिळायचं, बाटली आपली. केसपेपरला पैसे असे लागायचे की त्यापेक्षा येता-जाता प्यालेल्या चहाचे जास्त व्हायचे. आवारात लोखंडी खोडा. त्यात जनावर उभं केलं, कासरा आवळला, की डॉक्टरसाहेब मागून किंवा पुढून, आजार जिथे असेल तिथून, कामाला लागायचे. इतर वेळी तेच मोटारसायकलवरून गावात यायचे. गावाला त्यांचा अंदाज आणि त्यांना गावाचा. वार अडकली, पोट फुगलं, कासेला दगडी झाली, की पोरगं सायकलवर पिटाळायचं. आता माझा भाऊ १९६२ नंबर फिरवतो आणि फिरत्या दवाखान्याची गाडी दारात मागवतो. पोराची सायकल वाचली.

तर आमचा सर्जा एकदा खायचा थांबला. पाठ बाकवून उभा राही, उतारावर चालताना कण्हे. आधी गावठी औषधं झाली. ओवा झाला, हिंग झाला, गूळ झाला. कुणीतरी डाग द्या म्हणालं, त्याला आईने हाकललं. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं आणि सांगितलं, "पोटात लोखंड गेलंय. तार असंल, न्हाईतर खिळा. शिरवळला न्या."

शिरवळला १९८८ पासून जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे. तिथल्या ऑपरेशनच्या पैशाची आण्णांना चिंता नव्हती. त्यांना टेंपोची चिंता होती. सरकारी उपचाराचं हे गुपित बाहेरच्यांना कळत नाही. उपचार स्वस्त असतो, उपचारापर्यंत पोचणं महाग. टेंपोचं भाडं, सोबतच्या गड्याची मजुरी, बाहेरून आणायची इंजेक्शनं, तिथला मुक्काम, आणि पेरणी तोंडावर आलेली असताना बुडणारे दिवस. आण्णांनी अंगणात बसून हिशेब मांडला. सर्जा गेला तर नुसता सर्जा जात नाही, कारण भाव जोडीला असतो. एकटा राहिलेला राजा बाजारात अर्ध्याचाही राहत नाही. जोडीचे पन्नास हजार धरले, तर उपचाराचा खर्च त्यात सहज बसत होता.

आई चुलीपुढून म्हणाली, "दिवाळीत तर पस्तीस म्हणत हुता."

"भाव वाढलाय," आण्णा म्हणाले.

भाव वाढला नव्हता. मला ते तेव्हाही कळलं होतं आणि आईलाही. त्या माणसाला बैल वाचवायचा होता, पण नुसतं तसं म्हणता येत नव्हतं. कुणब्याने जनावरावर पैसा घालायचा तर त्याला बाजारभावाची सही लागते. म्हणून त्यांनी मनातल्या बाजारात सर्जाची बोली स्वतःच वाढवली आणि मग स्वतःच्याच बोलीला मान दिला. सर्जा वाचला. पोटातून निघालेली तार आण्णांनी कितीतरी दिवस खुंटीला लटकवून ठेवली होती आणि आल्यागेल्याला दाखवत होते.

पण बोली वाढवायला मुळात बोली असावी लागते ना! गाईगुरांना ती आहे. सरकारदरबारीसुद्धा आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा दगावलेल्या जनावराची भरपाई ठरली. गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा. कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर. विमा काढायचा तर तो बिल्ला सांभाळायचा. जनावर गेलं आणि बिल्लाही गेला, तर मालक दोनदा रडतो. हे सगळं ऐकायला कोरडं वाटेल, पण संकटात माणसाला टेकायला भिंत मिळते. इथपर्यंत खर्च शहाणपणाचा, इथून पुढे वेडेपणाचा.

आता आमचा बंड्या घ्या. पिवळाधमक, डोकं नारळाएवढं, एका कानाचा तुकडा पडलेला. चाळीत तो कधी आला, कुणी आणला, याच्या चार कथा आहेत आणि चारही सांगणारे त्या वेळी गावाला होते. सावंतकाकूंकडे त्याला बंड्या म्हणतात, गावडे भाऊजींकडे गणपत, आणि शेवटच्या खोलीतल्या कॉलेजकन्येकडे ऑस्कर. तिन्ही नावांकडे तो सारखंच दुर्लक्ष करतो, पण तिन्ही घरांत वेळेवर जेवतो. अशा प्राण्याचा बाजारभाव काय? शून्य. उलट फुकट देतो म्हटलं तरी घेणारा आधी शंका घेईल. पण उपचार किती रुपयांपर्यंत करायचा याला वरची रेघ असते ती जनावराच्या किमतीची. जिथे किंमतच नाही, तिथे रेघ कुठे मारणार? बिनकिमतीच्या जनावराचा खर्च म्हणूनच आभाळाला जाऊन भिडतो.

बंड्याने आजारी पडायला मे महिना निवडला. मी शिकवण्या घेते. मुलं गावाला गेली की आमच्या घरात दुष्काळ जाहीर होतो. यांच्या कंपनीत पगार दहा तारखेनंतर 'कधीही' होतो, आणि तो कधीही दर महिन्याला थोडा पुढे सरकतो. शाळेची फी जूनमध्ये. अशा मुहूर्तावर बंड्या चाळीच्या दुरुस्तीसाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, ओरडायचा, उठायचा, पुन्हा बसायचा.

चाळीत डॉक्टर नाही, पण सल्ला चोवीस तास मिळतो. सावंतकाकू म्हणाल्या, पोट साफ होत नाहीये, चमचाभर एरंडेल द्या. गावडे भाऊजी म्हणाले, उन्हाळी लागलीय, सब्जा द्या. आणखी कुणीतरी घरातल्या तापाच्या गोळीचा अर्धा तुकडा घेऊनच आलं. ते पाहून कॉलेजकन्या अशी किंचाळली की दोन मजल्यांवरची दारं उघडली. तिचं बरोबर होतं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवण्याची सोय मांजराच्या शरीरात जवळजवळ नाहीच, आपल्याला उतार पडतो त्या गोळीने मांजराचा जीव जातो. तिनेच सांगितलं की बोका असा कुंथत असेल तर पोटाचा नव्हे, लघवीचा त्रास असतो. बोक्यांची मूत्रनळी अरुंद. खडे-कचरा अडकून ती बंद झाली, तर एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. म्हणजे 'पगार होईपर्यंत थांबू या' हा आमच्या घरातला सर्वरोगहारी उपाय इथे बाद.

रात्री उघडा असलेला जवळचा खाजगी दवाखाना गाठला. बंड्या भाजीच्या पिशवीत, पिशवीचं तोंड माझ्या ओढणीने बांधलेलं. डॉक्टर तरुण, चांगला माणूस. त्याने पोट दाबून पाहिलं, मूत्राशय लिंबाएवढं टणक झालंय म्हणाला आणि पुढे काय काय करावं लागेल ते सांगू लागला. भूल, नळी, सलाईन, रक्ताची तपासणी, सोनोग्राफी. मी मान हलवत होते. एकेका शब्दाला माझ्या डोळ्यांसमोर घरातल्या डब्यांपैकी एकेक डबा रिकामा होत होता. पण तोंडातून 'किती?' काही निघेना.

याचं मला अजून नवल वाटतं. मी दादरला कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी तीन गाड्या फिरणारी बाई. रिक्षात बसण्याआधी भाडं विचारणारी. आणि इथे गप्प. जणू किंमत विचारली की त्या प्राण्यावरचं आपलं प्रेम खोटं ठरतं आणि डॉक्टर ते केसपेपरवर लिहून ठेवतो. पुढे दवाखान्यांतून बसून पाहिलं, तर सगळ्यांचीच ही गत. कुणी 'साधारण काय अंदाज?' असं भिंतीवरच्या कुत्र्याच्या जातींच्या तक्त्याला विचारतं. कुणी नवऱ्याला कोपराने ढोसतं. एक काका नुसते खिशावर हात ठेवून भुवया उडवत होते. तेव्हा मला पुसेगावचा तो रुमाल आठवला. असा एक रुमाल प्रत्येक प्राण्यांच्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवायला हवा. खाली त्याने बोटं दाबावीत, आपण आपली दाबावीत, आणि वर दोघांनी बोक्याच्या डोळ्यांतल्या चमकेविषयी बोलावं.

शेवटी यांनीच विचारलं. सरळ विचारलं, "डॉक्टर, आमच्याकडे आत्ता चार हजार आहेत. त्यात काय होईल?"

आणि काही आकाश कोसळलं नाही. डॉक्टरच्या चेहऱ्यावर उलट मोकळेपणा आला. बहुतेक लोक 'पैशाचं काही नाही' म्हणतात आणि मग बिल पाहून नाहीसे होतात, हे त्याने हसत सांगितलं. मग त्याने यादी फोडली. मूत्राशय मोकळं करणं आत्ताच, त्याला पर्याय नाही. मूत्रपिंडाची रक्ततपासणीही आत्ताच. सोनोग्राफी दोन दिवसांनी चालेल. दाखल करायचं तर सकाळी परळला न्या, तिथे खर्च आवाक्यात राहील. औषधं त्याच घटकांची साध्या कंपनीची लिहितो. नंतरची तपासणी म्हणून रोज यायला नको, लघवी होतेय का ते फोनवर कळवा. बारा-पंधरा हजारांकडे निघालेली गाडी चार हजारांच्या आतल्या स्टेशनावर थांबली. तपासणीचा दर्जा तोच, माणूस तोच, बोका तोच. फक्त आकडा आधी बोलला गेला होता.

डॉक्टरांना महागडे म्हणून नावं ठेवायची आपल्याला सवय. पण माणसांच्या डॉक्टरची निम्मी तपासणी फुकट होते, कारण पेशंट बोलतो. कुठे दुखतंय, कधीपासून, काल काय खाल्लंत, एवढं विचारलं की चित्र तयार. इथे पेशंट एक तर गप्प किंवा चावायला तयार. मग 'कुठे दुखतंय' हा प्रश्न रक्ताला विचारायचा, 'कधीपासून' हा सोनोग्राफीला, आणि प्रत्येक प्रश्नाची पावती वेगळी. 'काल काय खाल्लंस' याचं उत्तर तर बंड्याच्या बाबतीत तीन बिऱ्हाडांना एकत्र बसवल्याशिवाय मिळालं नसतं.

सकाळी परळ.

परळ हे दवाखान्यांचं गाव. केईएम, वाडिया, टाटा. देशभरातून माणसं इथे फाइली छातीशी धरून उतरतात. त्यांच्याच गर्दीत एखादा पिंजरा, एखादी दोरी, एखादी आतून ओरडणारी पिशवी निघाली की ती कुठे चाललीय हे बसच्या कंडक्टरलाही कळतं. पाटीवर नाव आहे बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स. लोकांच्या तोंडी ते बैलघोडा. गिरण्यांच्या दिवसांत मुंबईची सगळी ओढाताण बैलांच्या आणि घोड्यांच्या खांद्यावर होती, म्हणून हे नाव. आता बैलगाड्या गेल्या, ट्राम ओढणारे घोडे तर कधीच गेले, व्हिक्टोरियाही गेल्या. आत कुत्री-मांजरं. नाव मात्र बैलघोडा ते बैलघोडाच, गिरणी पाडून टॉवर उभा राहिला तरी स्टॉपला गिरणीचंच नाव राहतं तसं.

प्राण्यांना क्रौर्यापासून वाचवणारी इथली संस्था १८७४ मधली. दिनशा माणेकजी पेटिट हे गिरणीमालक, त्यांच्या देणगीतून आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने हॉस्पिटल झालं. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकाचं कॉलेज निघालं. त्याही आधी, १८३२ मध्ये, इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी मंडळी खवळून रस्त्यावर आली होती. दंगल झाली. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि व्यापारी मंडळींनी पांजरपोळ काढला. म्हणजे गरिबाच्या आणि बेवारशाच्या जनावराचं या शहरातलं औषधपाणी पहिल्यापासून कुणाच्या तरी देणगीवर चाललंय. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. माणसांच्या केईएमलाही शेठ गोवर्धनदास सुंदरदासांच्या देणगीचं कॉलेज जोडलेलं आहेच की. अलीकडे २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं १६५ कोटींचं प्राण्यांचं हॉस्पिटल उघडलं. ती इमारत बसमधून पाहून सावंतकाकू म्हणाल्या, "आपण माणसं जन्माला आलो, म्हणून राहून गेलं बघा."

बैलघोड्याच्या बाकावर बसल्यावर पैशाची लाज आपोआप उतरते. माझ्या एका बाजूला बुटाच्या खोक्यात कबूतर घेऊन आलेला मुलगा, मांज्याने पंख कापलेला. दुसऱ्या बाजूला शेळीच्या पायाला फडकं बांधून आलेली मानखुर्दची बाई. समोर केसाळ, रिबीनवालं कुत्रं आणि त्याच्या मालकिणीचा गॉगल. शेळीवाली सगळ्यांत निवांत. तिला ठाऊक होतं शेळी केवढ्याची, दूध किती, करडं किती. तिने मला विचारलं, "मांजराचं काय घेता तुम्ही?" म्हणजे उत्पन्न काय. मी म्हटलं, काही नाही, उलट देतोच. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तिथल्या तिथे आण्णा आठवले.

खिडकीवर प्रश्न आला, "मालकाचं नाव?"

आम्ही चौघं होतो. सावंतकाकू, गावडे भाऊजी, कॉलेजकन्या आणि मी. चौघांनी चार दिशांना पाहिलं. जेवायच्या वेळी हा बोका पंधरा खोल्यांचा, केसपेपरच्या वेळी एकाही खोलीचा नाही. भाऊजी म्हणाले, "चाळीचं नाव नाही का चालणार?" खिडकीतला माणूस म्हणाला, "चाळीची सही कोण करणार?" मागे रांग वाढत होती. मी नाव दिलं. जातीच्या रकान्यात त्याने 'एन. डी.' लिहिलं, म्हणजे कुठलीच खास जात नाही ती. भाऊजींना ती पदवी वाटली आणि त्यांनी घरी तशीच सांगितली.

त्या सहीचे परिणाम मी अजून भोगतेय. त्या दिवसापासून चाळीत 'आपला बंड्या' हा शब्दप्रयोग बंद झाला. आता 'तुमच्या बंड्याने आमचा बांगडा नेला', 'तुमचा बंड्या पापडावरून चालत गेला'. कौतुकाच्या वेळी तो अजूनही सगळ्यांचा असतो, हे वेगळं.

बंड्या काही दिवस तिथे राहिला आणि नळी निघाल्यावर घरी आला. जखम चाटू नये म्हणून गळ्यात भोंगा घालायला सांगितला होता. दुकानातल्या भोंग्याची किंमत ऐकून यांनी कपाटाच्या वरून सासूबाईंच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला, गोल कापला, कडांना चिकटपट्टी लावली आणि बंड्याच्या गळ्यात अडकवला. उत्तम बसला. त्याच्यातून उजेड आला की गुडघ्याची वाटी स्पष्ट दिसायची. सासूबाई दारात बसल्या बसल्या ओरडायच्या, "माझा गुडघा घेऊन कुठं हिंडतोय गं तो मेला?" त्या गुडघ्याने ऑपरेशन न करता जेवढे जिने उतरले नसतील, तेवढे त्या आठवड्यात चढले-उतरले.

मग खाण्याचा प्रश्न. अशा बोक्यांसाठी वेगळं खाणं मिळतं. त्याचा किलोचा भाव आमच्या घरात शेवटची सुरमई आली होती तिच्याही वर. डॉक्टरला पुन्हा सरळ विचारलं. एव्हाना आम्ही विचारण्यात पटाईत झालो होतो. तो म्हणाला, जमेल तेवढं तेच द्या. मुख्य म्हणजे कोरडे दाणे एवढेच खायला घालू नका, पाणी पोटात जाऊ दे. म्हणून चाळीत जागोजागी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, कोंबडी शिजली की बिनमिठाचं पाणी आधी बाजूला काढायचं ठरलं. वाट्यांवर पाय पडून निम्मी चाळ भिजली. गोळी पेढ्यात दिली तर तो पेढा खाऊन गोळी थुंकायचा, उकडलेल्या अंड्याच्या बलकात मात्र गुपचूप गिळायचा. हा शोध काकूंचा, आणि त्याचं श्रेय त्या कुणालाही देत नाहीत.

उरलं देणं. गणपती मंडळाचं जुनं पावतीपुस्तक होतं, त्यावर वर्गणी काढली. लोकांनी दिले. कुणी पन्नास, कुणी शंभर. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने दिले नाहीत आणि ज्याच्याकडून होती त्यानेही दिले नाहीत, असंही झालं. आमच्या शेजारच्या नानांनी पावतीपुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "या पैशात माझं दोन महिन्यांचं औषध झालं असतं."

नाना रक्तदाबाची गोळी अर्धी करून खातात, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, नुसता हिशेब होता, आणि तो बरोबर होता. 'मुक्या जनावरावर दया करावी नाना' वगैरे वाक्यं तोंडाशी आली होती, ती मी गिळली. बोक्यासाठी पावतीपुस्तक फिरतं आणि नानांसाठी फिरत नाही, कारण नाना ते फिरवू देणार नाहीत. बोक्याला विचारावं लागत नाही. एवढंच खरं कारण असेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नानांची खोली आली की मी अजून जरा भरभर चालते.

वर्गणी एकदाच निघते, आजार मात्र परत येतो. हा आजार तर पुन्हा होऊ शकतो, असं डॉक्टरने बजावलं होतं. शिवाय रेबीजची लस, जंताचं औषध आणि नसबंदी आहेच. ही तीन कामं वेळेवर केली तर मोठ्या खर्चांतले बरेचसे दारातूनच परत जातात, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. प्राण्यांचा विमा आता आपल्याकडे निघतो. कॉलेजकन्येने फोनवर चौकशी केली. त्यांनी वय विचारलं, जात विचारली, आधीचे आजार विचारले. पहिल्या दोन प्रश्नांना आमच्याकडे काही नव्हतं आणि तिसऱ्याला जरा जास्तच होतं. तो नाद सोडला.

तेव्हा सावंतकाकूंनी तोडगा काढला. आमच्या मजल्यावर बायकांची भिशी चालते. दर महिन्याला प्रत्येकीचे ठरलेले पैसे, चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिला रक्कम. काकू म्हणाल्या, बंड्याचंही एक नाव टाकू. त्याचा हप्ता सगळ्याजणी मिळून थोडा थोडा भरू. नंबर लागला की रक्कम त्याच्या औषधासाठी बाजूला राहील. ठराव एकमताने पास झाला. चिठ्ठीवर नाव कुठलं लिहायचं यावर मतभेद झाले, शेवटी 'बंड्या ऊर्फ गणपत ऊर्फ ऑस्कर' असं लिहिलं. त्यामुळे त्याची चिठ्ठी इतरांपेक्षा जाड झाली, आणि त्याचाच परिणाम असणार, पहिल्याच महिन्यात त्याचा नंबर लागला.

बंड्या तेव्हा ठणठणीत. कठड्यावर बसून कावळ्यांना शिव्या देत होता. गावडे वहिनींचं म्हणणं, आजारी नसलेल्या सभासदाला पैसे कशाला, मुलीची फी भरायचीय, ते या महिन्यात मला द्या, त्याचा नंबर पुढे धरू. काकूंचं म्हणणं, मग आपण कुणी कधी आजारी असल्याचा दाखला देऊन भिशी उचललीय का? नियम तो नियम. कॉलेजकन्या म्हणाली, या पैशात नसबंदी करून टाकू या. तर सासूबाई आतून म्हणाल्या, ज्याचे पैसे त्यालाच आधी विचारा. पोस्टात खातं उघडावं, अशी एक सूचना आली. त्यावर दुसरीने विचारलं की खात्याला आधार कुणाचं लावणार, आणि सगळ्याजणींनी माझ्याकडे पाहिलं.